छोट्या होडीवर वॉटरप्रूफ कॅमेरा: दोन वर्षं वापरून आणि एक बुडवून

खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची कुरकूर वाचताना गैरसमज नको. चौदा फुटी शिडाची होडी, त्यात मी आणि आमचे साडूभाऊ, असा आमचा दोन वर्षांचा संसार आहे आणि तेवढ्यात तीन कॅमेरे होडीवर येऊन गेले. पहिला स्वस्तातला, बाहेरून प्लास्टिकची जाड केस लावावी लागणारा, तो बुडाला, म्हणजे आत पाणी वगैरे शिरलं नाही, तो अख्खाच्या अख्खा तळाला गेला. दुसरा केसशिवायच पाण्यात चालणारा ॲक्शन कॅमेरा, तो अजून चालू आहे. तिसरा ३६० वाला, म्हणजे चारी बाजूंचं एकदम टिपणारा, मित्राकडून महिनाभरासाठी मागून आणलेला. माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाहीये, कारण तक्रारी जवळपास सगळ्यांनाच लागू आहेत आणि अर्ध्या चुका माझ्याच आहेत.

घेताना सगळे काय बघतात, तर किती मीटर खोल चालतो. मीही तेच बघत बसलो होतो. गोप्रोचा हिरो ५ ब्लॅक २०१६ मध्ये आला तेव्हापासून त्यांच्या मुख्य कॅमेऱ्यांना १० मीटरपर्यंत वेगळी केस लागत नाही, डीजेआयचा ॲक्शन ४ १८ मीटर आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटर सांगतो, आणि हे आकडे बघून माणूस खूश होतो. पण छोट्या होडीवाल्याला खोलीचं करायचंय काय? होडी उलटली तरी, कॅमेरा डोलकाठीच्या टोकावर लावलेला नसेल तर, तो जाऊन जाऊन दोन मीटर खाली जाणार. कोणी म्हणेल वेगात पाण्याचा मार बसतो त्याचं काय, तर तेही मी गणित करून बघितलं, दहा नॉट म्हणजे साधारण ५ मीटर प्रति सेकंद, या वेगाने कॅमेरा समोरून पाण्यावर आदळला तर जो दाब येतो तो साधारण १.३ मीटर खोलीइतकाच भरतो. आता काही फोनवर जो आयपीएक्स७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो त्यात १ मीटर खोल, अर्धा तास, साचलेल्या पाण्यात एवढंच धरलेलं असतं, त्यामुळे फोन होडीवर नको हे बरोबरच आहे. पण १० मीटरवाला आणि २० मीटरवाला यात होडीवर फरक शून्य, त्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका.

खरा त्रास आहे थेंबाचा. कॅमेऱ्यात शिरणाऱ्या पाण्याचा नाही हो, लेन्सवर बसून राहणाऱ्या पाण्याचा. माझी पहिल्या वर्षातली सगळ्यात भारी फाइल आहे, वारा मस्त, होडी एका अंगावर कललेली, आम्ही दोघं काठावर बाहेर लटकलोय, सूर्य मागून, आणि बरोब्बर माझ्या तोंडावर एक थेंब. अकरा मिनिटं. साडूभाऊंचा चेहरा एकदम स्पष्ट, दात मोजता येतील एवढा, आणि त्यांच्या शेजारी खांद्यावर एक पाण्याचा फुगा ठेवलेला माणूस बसलाय तो मी. मध्ये एकदा लाट येते, वाटतं आता गेला थेंब, तर तो जातो आणि त्याच्या जागी दोन येतात. या कॅमेऱ्यांची लेन्स इतकी वाइड असते की काचेवरचा थेंबसुद्धा ठसठशीत दिसतो, आणि फोकस करायला आत काही हलत नाही, त्यामुळे तो धूसर करून टाकायची सोयच नाही.

मग मी नाही नाही ते उपाय केले. पाणी झटकून टाकणारं लिक्विड असतं, गाडीच्या काचेला लावतात तसलं, ते जुन्या कॅमेऱ्याच्या केसवर लावून बघितलं. पावसात गाडी जोरात पळते तेव्हा वाऱ्याने थेंब उडून जातात, म्हणून तिथे ते चालतं. होडी पळते आठ नॉटने, थेंबांना काय घाई आहे, ते आपले छान गोल गोल मण्यांसारखे होऊन काचेवर बसून राहिले, आधीपेक्षा वाईट. शिवाय कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सवर आधीच कोटिंग असतं, त्यावर असलं काही चोपडू नये, ते निघून येऊ शकतं.

उपाय निघाला तो उलटा. पाणी हटवायचं नाही, पसरू द्यायचं. काच अशी ठेवायची की तिच्यावर थेंब न बनता पातळ थर बनेल, आणि पातळ सारख्या थरातून चित्र नीट येतं. सर्फिंगवाले यासाठी वर्षानुवर्षं काय करतात तर लेन्स चाटतात. हो, जिभेने. लाळेचा थर बसला की वर आलेलं पाणी सपाट पसरतं. चाटायचं, एकदा पाण्यात बुचकळून काढायचं, झालं, पंधरा-वीस मिनिटं बरं चालतं, मग परत. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा साडूभाऊ सुकाणू धरून बसले होते, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग हळूच म्हणाले, "अहो, भूक लागली असेल तर वळवूया का होडी?" आता तेच आठवण करतात, प्रत्येक फेरीआधी, "चाटलात का?" म्हणून. कोरड्या फडक्याने पुसायचा मोह आवरा मात्र. खाऱ्या पाण्यातला कॅमेरा वाळला की काचेवर मिठाचे बारीक खडे राहतात आणि टी-शर्टने पुसलं की ते काचेवर ओरखडे काढतात. आधी पाणी ओतायचं, मग पुसायचं.

केसवाल्या कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही, तो प्रकार आता घेऊच नका असं माझं मत आहे. केसच्या आत दमट हवा अडकते, कॅमेरा चालून गरम होतो, बाहेरून गार पाणी लागतं आणि आतल्या बाजूने वाफ धरते, ती पुसायला केस उघडायला हवी आणि पाण्यात असताना ती उघडता येत नाही. कोरड्या हवेत केस बंद करणं आणि आत सिलिका जेलची किंवा वाफ शोषणारी छोटी पट्टी टाकणं याने बराच फरक पडतो, पण आवाजाचं काय करणार, आतून बोललेलं सगळं उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं येतं. आणि केसच्या रबराच्या रिंगमध्ये एक केस अडकला (डोक्यावरचा केस म्हणतोय) तरी पाणी आत. एकदा निघताना तो दिसला म्हणून वाचलो.

तर तो कॅमेरा बुडाला कसा. चिकटपट्टीवाला माउंट मी सकाळी निघताना चिकटवला आणि अर्ध्या तासात पाण्यात. त्या चिकटपट्टीला नीट धरायला २४ तास लागतात, सूचनांच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद मी नंतर वाचला. जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करायची, गुळगुळीतच हवी, पाय घसरू नये म्हणून जो खरखरीत भाग असतो त्यावर हे कधीच टिकत नाही. सक्शनवाला माउंट कोरड्या गुळगुळीत फायबरवर बरा धरतो, पण उन्हाने आतली हवा तापते, वर पाणी बसतं आणि तो कधी सोडेल सांगता येत नाही, माझा दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा कॅमेरा दोरीला लोंबकळत राहिला. सगळ्यात विश्वासाचा म्हणजे पाइपला आवळायचा क्लॅम्प. कुठलाही माउंट लावा, पण सेफ्टी दोरी वेगळी बांधा आणि ती माउंटला नाही तर कॅमेऱ्याच्या फ्रेमला बांधा, नाहीतर माउंट तुटला की दोरी माउंटला आणि कॅमेरा पाण्याला. दोरी आखूड ठेवा. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा लांब दोरीवर गरगर फिरला की तो दगडच असतो. फोमचा नारिंगी तरंगता तुकडाही लावा, कारण हे कॅमेरे स्वतःहून तरंगत नाहीत, याचा अनुभव आहे.

आणि कुठे लावायचा याला जास्त महत्त्व आहे, कुठला घ्यायचा त्यापेक्षा. डोलकाठीवर लावला तर वरून छान नकाशासारखं दिसतं, पण दोन मिनिटांत कंटाळा येतो, शिवाय तारांची थरथर आवाजात उतरते. होडीच्या पुढच्या टोकावर मागे तोंड करून लावला तर चेहरे मिळतात, पण प्रत्येक लाट आधी कॅमेऱ्यालाच भेटते. बूमजवळ, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याजवळ, लावूच नका, होडी वळवताना शिडाची दोरी सपकन येते आणि कॅमेरा घेऊन जाते. आम्हाला जमलं ते मागच्या बाजूला, तिरका बाहेर काढलेला मीटरभर दांडा, त्यावर कॅमेरा, होडी पूर्ण दिसते, माणसं दिसतात, शीड दिसतं आणि पाणी त्यामानाने कमी उडतं. दांडा लवचिक असला तर चित्र डुगडुगतं, जाड आणि ताठ घ्या. लाटा मोठ्या दिसाव्यात असं वाटत असेल तर मात्र कॅमेरा खाली, पाण्याच्या जवळ, आणि वाइडऐवजी लिनिअर मोडवर, म्हणजे कडांचा बाक काढून टाकणाऱ्या. वाइडमध्ये लाटा सपाट होतात. ज्या दिवशी आमची पाचावर धारण बसली होती त्या दिवशीचा व्हिडिओ घरी दाखवला तर बायको म्हणाली, "एवढंसं तर पाणी आहे, यात काय घाबरायचंय?"

आता स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राची हालचाल कमी करणारी सोय. जाहिरातीत याचीच सगळ्यात जास्त हवा असते आणि होडीवर याचाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कॅमेरा हातात किंवा डोक्यावर असेल तर ते हवंच, त्यात वाद नाही. पण कॅमेरा होडीला घट्ट बसवलेला असतो तेव्हा होडी आणि कॅमेरा एकत्र हलतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने होडी स्थिरच असते आणि समुद्र हलत असतो. स्टॅबिलायझेशन चालू केलं की आतला जायरो, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, म्हणतो अरे हललं हललं, आणि तो समुद्र स्थिर करायला जातो, मग फ्रेममध्ये होडीच लडबडायला लागते, जवळची माणसं पुढेमागे सरकतात, बघणाऱ्याला गरगरतं. मला हे कळायला दोन महिने लागले, मी समजत होतो माउंट ढिला आहे, स्क्रू आवळून आवळून प्लास्टिकचा दांडा पिचला. होडीच्या आतल्या बाजूला लावलेल्या कॅमेऱ्याला मी आता ते सरळ बंद ठेवतो. मागच्या दांड्यावर मात्र क्षितिज सरळ धरून ठेवणारा मोड चांगला वाटतो, कारण क्षितिज आडवं राहतं आणि होडी किती कललीये ते डोळ्याला कळतं, बंद असताना होडी सरळ आणि अख्खा समुद्रच तिरका झालेला दिसतो. दोन्ही करून बघा, पाच-पाच मिनिटांचं, मोठ्या स्क्रीनवर बघून ठरवा, कॅमेऱ्याच्या दोन इंची स्क्रीनवर काही कळत नाही.

एक्स्पोजरचं थोडक्यात: पांढरं शीड असेल तर ते जळतं आणि चेहरे काळे पडतात, मी एक्स्पोजर उणे अर्ध्यावर, म्हणजे चित्र थोडं गडद, ठेवतो आणि चेहरे नंतर एडिटमध्ये उजळतो.

आवाजाबद्दल खोटं बोलत नाही, आवाज वाईट असतो. वाऱ्याचा आवाज कमी करणारी सोय असते, ती मंद वाऱ्यात चालते. शिवाय पाणी आत जाऊ नये म्हणून माइकवर पडदा असतो, त्याच्या जाळीत पाणी साचलं की कॅमेरा बाहेर आल्यावरही बराच वेळ सगळं गुबगुब ऐकू येतं, उलटा करून झटकावं लागतं. आमचा जुगाड असा की छोटा रेकॉर्डर झिपच्या पिशवीत, लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि कॉलरपाशी आतून लावलेला छोटा माइक, त्यावर केसाळ टोपी. निघताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येतं. यात साडूभाऊ शिडाच्या दोरीला जे काही बोलतात ते फार स्वच्छ ऐकू येतं, तेवढं एडिट करावं लागतं.

चालू-बंद करणं हा वेगळाच विनोद आहे. ओल्या बोटाने टचस्क्रीन चालत नाही, कधीकधी तर पाण्याच्या थेंबानेच मोड बदलतो, म्हणून स्क्रीन लॉक करायची. आवाजी कमांड वाऱ्यात ऐकू जात नाही. फोनवरून कंट्रोल करायला जावं तर कॅमेरा पाण्याखाली गेला की वायफाय तुटतं. राहिलं एक बटण, आणि ते दाबल्यावर जी बीप येते ती शिडाच्या फडफडीत ऐकू येत नाही. त्यामुळे उलटं रेकॉर्डिंग होतं, म्हणजे चालू करतोय असं समजून बंद आणि बंद करतोय असं समजून चालू. आमची होडी पहिल्यांदा पूर्ण उलटली, म्हणजे डोलकाठी सरळ खाली, दोघं पाण्यात, मी सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून बाहेर येणाऱ्या फळीवर, चढून तिला परत उभी केली, आयुष्यातला अभिमानाचा क्षण. कॅमेऱ्यात काय आहे? त्याच्या आधीची चाळीस मिनिटं, माझे पाय. मग "अहो, उलटलो तेव्हा चालू होता ना?" असं साडूभाऊंनी पाण्यातून डोकं वर काढून विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो. तेव्हापासून लूप रेकॉर्डिंगवर ठेवतो, कॅमेरा सतत चालतो, जुनं पुसत जातो, काही घडलं की थांबवायचं, आधीची मिनिटं कार्डावर असतातच. घटना सांगून घडत नाहीत, त्यामुळे होडीसाठी हा मोड मला बाकी सगळ्या फीचरपेक्षा जास्त कामाचा वाटला. पुढे लाल दिवा असेल तर तो कुठून दिसतो ते बघूनच कॅमेरा लावा, सुकाणूवरच्या माणसाला दिसायला हवा.

बॅटरी ४के मध्ये तास-सव्वा तास, गार हवेत त्याहून कमी. लोक म्हणतात जास्तीच्या बॅटऱ्या घ्या. घ्या, पण त्या बदलणार कुठे? ओले हात, हलती होडी, बाजूने शिंतोडे, आणि अशात कॅमेऱ्याचं दार उघडायचं, म्हणजे जिथून पाणी जाऊ शकतं ती एकमेव जागा आपणच उघडून द्यायची. वॉटरप्रूफ कॅमेरे बुडून कमी आणि असे मरतात जास्त, असा माझा अंदाज आहे. आमचा नियम, पाण्यावर दार उघडायचं नाही. पॉवरबँक लावून चालवायचा तर यूएसबीचं दार उघडं राहतं आणि मग तो वॉटरप्रूफ राहतच नाही. त्यामुळे लांबची फेरी असेल तर दोन बॅटऱ्यांपेक्षा दोन साधे कॅमेरे बरे, एक संपला की दुसरा चालू. कार्ड चांगलं घ्या, व्ही३० (हा वेगाचा दर्जा) लिहिलेलं, कारण १०० मेगाबिटने ४के म्हणजे तासाला ४५ जीबी होतात, १२८ चं कार्ड पावणेतीन तासांत भरतं आणि ते सगळं घरी बसून बघायचं असतं हे विसरू नका. बघवत नाही. तीन तासांतून चार मिनिटं काढायला मला आख्खा रविवार जातो.

परत आल्यावर दारं बंद ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं, आणि पाण्यात असतानाच सगळी बटणं दहा-दहा वेळा दाबायची म्हणजे त्यांच्या खाली गेलेलं मीठ सुटतं. नळाची जोरदार धार मारू नका. माझं एक बटण मिठाने असं अडकलं होतं की कॅमेरा रात्री कपाटात आपोआप चालू होऊन बीप बीप करत होता. स्क्रू पण धुवा, स्टेनलेस असले तरी खाऱ्या पाण्यात गंज धरतो आणि मग माउंट उघडायला पक्कड लागते.

राहिला ३६० वाला. मला तो आवडेल असं वाटलं नव्हतं. पण होडीवर सगळ्यात मोठी अडचण असते की कॅमेरा नेमका दुसरीकडे बघत असतो, आणि हा सगळीकडेच बघतो, कुठली बाजू दाखवायची ते नंतर घरी ठरवायचं. दांड्यावर लावला की दांडा चित्रातून गायब होतो आणि कोणीतरी ड्रोनवरून काढल्यासारखं दिसतं, साडूभाऊ तर यावरच खूश. पण दोन फुगीर लेन्स दोन्हीकडून बाहेर आलेल्या, म्हणजे थेंब बसायला दुप्पट जागा, आणि दोन चित्रं जिथे जुळतात तिथे थेंब आला की माणसाचा खांदा कापल्यासारखा दिसतो. ओरखडा पडला की संपलं, म्हणून इन्स्टा३६० एक्स५ सारख्या घरच्या घरी लेन्स बदलता येणाऱ्याकडे मी बघून ठेवलंय. एडिटिंगला वेळ दुप्पट आणि क्रॉप केल्यावर चित्र साध्या ॲक्शन कॅमेऱ्याइतकं धारदार राहत नाही.

म्हणून माझे मार्क असे, केसवाल्याला पाचपैकी दोन, अंगच्याच वॉटरप्रूफला चार, आवाजासाठी एक कापला, आणि ३६० ला साडेतीन, पण हवा चांगली असेल त्या दिवशी पाच. महिना संपल्यावर मित्राला तो बादलीत बुडवून, धुऊन, दोन्ही लेन्स मऊ फडक्याने पुसून, पिशवीत घालून परत दिला, तो म्हणाला, "अरे, काय चकाचक ठेवलायस!" चाटला होता हे अजून सांगितलेलं नाही.